खरेदीखतातले धरण

मातीचे धरण कोणाच्या ना कोणाच्या मालकीचे असते, परंतु त्याने अडवलेल्या पाण्याचा धोका मालकाच्या हद्दीबाहेर, खालच्या अंगाला राहणाऱ्या लोकांच्या दारात असतो, आणि मालकी व धोका या दोन गोष्टींची नोंद एकाच कागदावर सहसा होत नाही, ही लहान खासगी धरणांच्या इतिहासातली मूळ अडचण आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती सर्वांत ठळकपणे दिसते. तेथील धरणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आज नव्वद हजारांच्या आसपास धरणे आहेत. त्यांपैकी निम्म्याहून बरीच अधिक खासगी मालकीची आहेत, बहुतेक मातीच्या भरावाची आहेत, आणि त्यांच्या मुख्य उपयोगाच्या रकान्यात सिंचन, वीज किंवा पाणीपुरवठा यांपेक्षा अधिक वेळा 'करमणूक' हाच शब्द आढळतो. करमणूक म्हणजे मासेमारी, नौकाविहार, पोहणे, किंवा नुसतेच घराच्या ओसरीवरून दिसणारे पाणी. यांतली पुष्कळ धरणे करमणुकीसाठी बांधलेलीच नव्हती. गिरणी, कालवा, छोटे वीजघर असा एखादा उद्योग संपल्यावर मागे उरलेले तळे कोणीतरी स्वस्तात घेतले आणि त्याच्या काठाने बंगले उठले. अशा धरणांचा इतिहास अभियंत्यांच्या नकाशांपेक्षा खरेदीखतांतून अधिक नीट उलगडतो. पेनसिल्व्हेनिया राज्यातील साउथ फोर्क धरण त्या दृष्टीने विशेष बोलके आहे, कारण १८५७ ते १८७९ या बावीस वर्षांत ते तीनदा विकले गेले आणि जवळजवळ प्रत्येक हस्तांतरात, किंवा त्याच्या मागेपुढे, त्याचा एखादा अवयव गळत गेला.

धरणाचा जन्म मात्र पूर्णतः सार्वजनिक कामासाठी झाला होता. फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग हा व्यापारी मार्ग पेनसिल्व्हेनिया सरकारने १८३४ मध्ये सुरू केला, त्यात कालवे आणि लोहमार्ग आलटूनपालटून येत. मधल्या ॲलेगेनी पर्वतावरून माल, आणि पुढे पुढे सुट्या भागांच्या नावाही, दहा उतरणींच्या रुळांवरून दोरखंडांनी ओढून नेल्या जात. पर्वताच्या पश्चिम पायथ्याशी जॉन्सटाउन येथे पुन्हा कालवा सुरू होई, आणि कोरड्या उन्हाळ्यात या कालव्याला पाणी पुरत नसे. म्हणून शहराच्या वर सुमारे १४ मैलांवर, लिटल कॉनेमॉ नदीच्या साउथ फोर्क या शाखेवर साठवण तलाव बांधण्याचे ठरले. काम १८३८ मध्ये सुरू झाले, तिजोरी रिकामी झाल्याने अनेक वर्षे थांबले आणि १८५३ मध्ये पुरे झाले. तोपर्यंत पेनसिल्व्हेनिया रेल्वे पर्वत ओलांडण्याच्या बेतात होती आणि वर्षभरातच तिच्या गाड्या थेट पलीकडे जाऊ लागल्या. ज्या कालव्यासाठी पंधरा वर्षे भराव घातला, तो कालवाच निरुपयोगी ठरला.

तरीही बांधणी हलक्या हाताची नव्हती. भराव ७२ फूट, म्हणजे सुमारे २२ मीटर उंच, आणि नऊशे फुटांहून थोडा अधिक लांब होता. चिकणमातीचे थर एकावर एक पसरून, ते पाण्याखाली मुरू देऊन घट्ट बसवले होते, जेणेकरून आतून पाझर होऊ नये. दर्शनी बाजूंना दगडांचे अस्तर होते. तळाशी एक दगडी मोरी होती आणि तिच्यातून ओतीव लोखंडाचे, प्रत्येकी दोन फूट व्यासाचे पाच नळ जात, ज्यांच्या झडपा उघडून तलावाची पातळी हवी तेव्हा खाली आणता येई. अशा व्यवस्थेला शासकीय मराठीत विमोचक म्हणतात, आणि पूर्व विदर्भातल्या जुन्या तलावांवर तिलाच तुडुम म्हणतात. एका टोकाला खडक फोडून सुमारे ७० फूट रुंद सांडवा काढला होता, ज्यातून जादा पाणी भरावाला न शिवता निघून जाई. मातीच्या धरणाचे सारे आयुष्य या दोन वाटांवर अवलंबून असते. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून पाणी वाहिले तर ते बहुधा टिकते, पण मातीच्या भरावाचा माथा ओलांडून पाणी खाली उतरू लागले की ते मागचा उतार कापत कापत माथ्यापर्यंत येते आणि मग थांबवणे कोणाच्या हातात राहत नाही. भरावाखालून जाणारी मोरी ही आणखी एक नाजूक जागा असते, कारण तिच्या कडेने पाणी वाट काढू शकते; १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचा अपुरा भराव विमोचकापाशीच आधी खचला आणि मग त्यावरून पाणी गेले, हे पुण्यातल्या जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. साउथ फोर्कलाही पहिले भगदाड मोरीपाशीच पडणार होते.

राज्याने १८५७ मध्ये हा संपूर्ण मार्ग, म्हणजे कालवे, उतरणी, जमिनी आणि त्यांच्यासोबत हा तलावही, पेनसिल्व्हेनिया रेल्वेला ७५ लाख डॉलरना विकला. रेल्वेला हवी होती ती मार्गाची जमीन आणि स्पर्धा संपल्याची खात्री. डोंगरातले धरण त्या व्यवहारात केवळ यादीत होते म्हणून आले. त्याची देखभाल करण्याचे रेल्वेला काही कारण नव्हते आणि तिने ती फारशी केलीही नाही. जून १८६२ मध्ये भराव मोरीपाशी कोसळला. त्या वेळी तलाव अर्धामुर्धाच भरलेला होता, पाणी हळूहळू निघून गेले आणि खाली विशेष नुकसान झाले नाही. या सौम्य अपघाताचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे धरण फुटले तरी फारसे काही होत नाही, असा समज खोऱ्यात रुजला. दुसरा म्हणजे पुढची सतरा वर्षे मधोमध खिंडार पडलेला तो भराव, गवत आणि झुडपे अंगावर घेऊन, कोणाच्याच हिशेबात न राहता पडून राहिला.

रेल्वेने तो १८७५ मध्ये जॉन रायली या काँग्रेस-सदस्याला २,५०० डॉलरना विकला. रायलीच्या काळात तळाचे लोखंडी नळ उपटून भंगारात विकले गेले. चार वर्षांनी त्याने उरलेली मालमत्ता बेंजामिन रफ यांना २,००० डॉलरना दिली. म्हणजे पाचशे डॉलरची खोट आली आणि ती नळांच्या लोखंडातून काही अंशी भरून निघाली असावी. व्यापारी दृष्टीने त्यात काहीच वावगे नव्हते, कारण कोरड्या खड्ड्याखालचे नळ कोणाच्या कामाचे होते? पण याच नळांवाचून पुढे कोणत्याही मालकाला भरलेला तलाव रिकामा करता येणार नव्हता. महाराष्ट्रातल्या सातबारा उताऱ्यावर निदान 'इतर अधिकार' नावाचा एक रकाना असतो आणि त्यात शेजाऱ्याची वाट, कुळाचा हक्क, बँकेचा बोजा अशा गोष्टी मालकाच्या नावाशेजारी चिकटून राहतात. साउथ फोर्कच्या खरेदीखताला असा रकाना नव्हता, आणि असता तरी त्यात खालच्या खोऱ्यातील तीस हजार माणसे कोणी लिहिली नसती.

रफ यांनी ही जागा घेतली ती पिट्सबर्गच्या धनिकांसाठी उन्हाळी विहारस्थान करण्याकरिता. पिट्सबर्ग त्या काळी पोलादाचे आणि काजळीचे शहर होते, आणि रेल्वेने काही तासांच्या अंतरावर थंड हवेचा तलाव मिळणे ही मोठी सोय होती. साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब या नावाच्या मंडळाची सनद नोव्हेंबर १८७९ मध्ये पिट्सबर्गच्या, म्हणजे ॲलेगेनी काउंटीच्या न्यायालयातून काढली गेली, वास्तविक ज्या काउंटीत कामकाज चालणार तेथे, म्हणजे केंब्रिया काउंटीत, ती नोंदवणे अपेक्षित होते. बाब कारकुनी आहे, पण तिचा अर्थ असा की ज्या काउंटीच्या डोक्यावर तलाव होता तिच्या दप्तरात त्याच्या मालकाची नोंद नव्हती. सभासद साठाच्या आसपास होते आणि त्यांत अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन, वकील फिलँडर नॉक्स आणि पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे पिट्सबर्ग विभागाचे प्रमुख रॉबर्ट पिटकेर्न अशी माणसे होती. काठावर ४७ खोल्यांचे क्लबगृह आणि सोळा खासगी बंगले झाले, आणि पर्वताच्या माथ्याजवळ, समुद्रापासून शेकडो मैलांवर, शिडाच्या होड्या व वाफेच्या लहान नौका फिरू लागल्या.

धरणाची दुरुस्ती मात्र या थाटाला शोभणारी नव्हती. काम ज्याच्याकडे सोपवले त्याला धरणांचा अनुभव असल्याचे कोठे आढळत नाही. खिंडारात दगड, माती, झाडांच्या फांद्या, गवताच्या पेंढ्या आणि शेणखतसुद्धा लोटले गेले; मूळ बांधणीत थर मुरवून घट्ट केलेल्या चिकणमातीशी या भरतीचे काही नाते नव्हते. पहिल्याच हिवाळ्याच्या पावसात त्यातला बराच भाग वाहून गेला आणि काम पुन्हा करावे लागले. १८८१ मध्ये तलाव भरला तेव्हा धरणाचे रूप चार बाबतींत बदललेले होते. तळाचे नळ पुन्हा बसवलेच नाहीत. दोन घोडागाड्यांना एकमेकींना ओलांडून जाता यावे म्हणून माथा दोन ते तीन फूट खाली आणून रुंद केला. दुरुस्त केलेला मधला भाग पुढे थोडा खचला, म्हणजे जो भाग सर्वांत उंच असायला हवा तोच सर्वांत सखल झाला. आणि सांडव्यावर पूल बांधून त्याच्या खांबांमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी लावली, कारण एरी सरोवरातून रेल्वेच्या टाकीतून मुद्दाम आणवलेले एक हजार काळे बास मासे वाहून गेलेले क्लबला परवडणार नव्हते. या चारही बदलांमागे कोठेही दुष्टावा नव्हता. गाडी सुखाने जावी आणि मासे टिकावेत, एवढाच हेतू होता. करमणुकीच्या तलावाला भरलेला काठ हवा असतो, तर सुरक्षिततेला काठाखाली मोकळी जागा लागते, आणि जेथे दोहोंचा निर्णय एकच मालक करतो तेथे कोणता काठ जिंकतो हे सांगण्यास अभियंता लागत नाही.

खाली जॉन्सटाउनमध्ये मात्र एक अभियंता पाहत होता. शहराचा सर्वांत मोठा उद्योग म्हणजे केंब्रिया आयर्न कंपनी, आणि तिचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी नोव्हेंबर १८८० मध्ये जॉन फुल्टन यांना धरण पाहण्यास पाठवले. फुल्टन यांच्या अहवालात दोन दोष स्पष्ट नोंदवले होते: पाणी खाली काढण्याचा मार्ग नसल्याने पुढे दुरुस्ती करणेच अशक्य आहे, आणि केलेली दुरुस्ती कच्ची असून भरावातून गळती चालू आहे. रफ यांनी डिसेंबरमध्ये उत्तर पाठवले. त्यात अहवालातल्या तपशिलांतल्या चुका दाखवून, क्लबच्या उपक्रमापासून मॉरेल यांना आणि त्यांच्या माणसांना काहीही धोका नाही अशी हमी दिली होती. मॉरेल यांनी नळ बसवण्याच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारी दाखवली. क्लबने ती नाकारली. मग मॉरेल यांनी जे केले ते या साऱ्या कहाणीतले सर्वांत अर्थपूर्ण पाऊल मानता येईल: त्यांनी क्लबचे सभासदत्व विकत घेतले. राज्यात धरणे तपासणारा अधिकारी नव्हता, खालच्या गावाला वरच्या मालकाकडून काही करवून घेण्याची कायदेशीर वाट नव्हती, म्हणून लोखंडाच्या त्या मोठ्या कारखानदारालाही धरणावर नजर ठेवायची तर मालकांच्या रांगेतच जाऊन बसावे लागले. मॉरेल १८८५ मध्ये आणि रफ १८८७ मध्ये वारले, आणि पत्रव्यवहार फायलीत राहिला.

३० मे १८८९ च्या रात्री पर्वतावर असाधारण पाऊस झाला; चोवीस तासांत सहा ते दहा इंच पडल्याचे अंदाज आहेत. ३१ मेच्या सकाळी क्लबचे अध्यक्ष इलायस उंगर यांना धरणाजवळच्या आपल्या घरातून तलाव माथ्याच्या जवळ आलेला दिसला. क्लबच्या आवारात सांडपाण्याचे नळ घालण्यासाठी इटालियन मजुरांची एक टोळी होती. तिला धरणावर आणून काहींना नांगराने आणि फावड्यांनी माथ्यावर मातीची कडी उचलायला लावले, काहींना पश्चिमेच्या टोकाला दुसरा सांडवा खणायला. तेथली जमीन इतकी टणक होती की चर गुडघ्याच्या वर खोल जाईना. सांडव्यावरची माशांची जाळी काढावी असे कोणी सुचवले तेव्हा आधी कचरण्यात वेळ गेला, आणि निर्णय झाला तोवर वाहून आलेल्या ओंडक्यांनी व काटक्यांनी ती इतकी बुजली होती की हलेना. क्लबचा तरुण अभियंता जॉन पार्क याच्या मनात आणखी एक उपाय आला होता: धरणाच्या एका टोकाला, जेथे मूळ जमीन कणखर होती, तेथे आपणच कापून पाणी सावकाश सोडावे. पण तसे केले तर धरण निश्चित जाणार आणि खाली जे होईल त्याची जबाबदारी कापणाऱ्यावर येणार, तर न केल्यास कदाचित धरण तगेलही. मालकी साठ जणांत वाटलेली होती. अशा वेळी कुदळ कोणी उचलायची याचा नियम कोठेच नव्हता. पार्क घोड्यावरून साउथ फोर्क गावात जाऊन इशारा देऊन आला, तारा खाली गेल्या, आणि दरवर्षीच्या आवया समजून बहुतेकांनी त्यांकडे दुर्लक्ष केले.

दुपारी तीनच्या सुमारास मधला सखल भाग कापला गेला आणि सुमारे दीड कोटी घनमीटर पाणी खोऱ्यात उतरले. जॉन्सटाउनला ते चार वाजून सात मिनिटांनी पोहोचले. शहराच्या खालच्या टोकाला रेल्वेच्या दगडी पुलापाशी घरे, डबे, झाडे आणि तारांच्या कारखान्यातील काटेरी तारेची भेंडोळी अडकून एकरच्या एकर ढीग साचला आणि संध्याकाळी त्याला आग लागली. मृतांची संख्या २,२०९ नोंदवली गेली. नव्याण्णव कुटुंबांत मागे कोणीही उरले नाही, आणि साडेसातशेहून अधिक मृतदेहांची ओळख पटली नाही. क्लबचे बंगले तलावाच्या काठावर, पाण्याच्या पातळीच्या वर असल्याने जसेच्या तसे राहिले; फक्त त्यांच्यासमोर आता चिखल होता.

त्यानंतरचा न्यायालयीन इतिहास मालकीच्या प्रश्नाला थेट भिडतो. क्लबवर दावे झाले, पण पीडितांपैकी कोणालाही त्याच्याकडून भरपाई मिळाली नाही. मंडळ म्हणून क्लबपाशी क्लबगृहाखेरीज फारसे काही नव्हते, सभासदांची व्यक्तिगत संपत्ती सनदेच्या आडोशाला सुरक्षित होती, आणि बचावासाठी सभासदांतच नॉक्स यांच्यासारखे निष्णात वकील होते, जे पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. कायद्याचे तत्त्वही फिर्यादींच्या बाजूचे नव्हते. इंग्लंडमध्ये १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात नियम घालून दिला होता की, जो आपल्या जमिनीत निसर्गतः नसलेली आणि सुटल्यास अपाय करणारी वस्तू आणून साठवतो, त्याने ती आपल्या जोखमीवर साठवावी. ती सुटली तर निष्काळजीपणा सिद्ध न होताही तो नुकसानीस जबाबदार राहील. तो खटलाही लँकाशायरमधल्या एका गिरणीमालकाच्या खासगी तळ्यातून शेजारच्या खाणीत पाणी शिरल्याचाच होता. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या न्यायालयांनी मात्र १८७० च्या दशकात हा नियम उद्योगधंद्याला मारक म्हणून झिडकारला, आणि पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाचा कलही १८८६ मध्ये तसाच दिसला. त्यामुळे जॉन्सटाउनच्या विधवांना निष्काळजीपणा सिद्ध करणे भाग होते, आणि समोरून उत्तर येई की एवढा पाऊस ही ईश्वरी करणी होती. जॉन्सटाउननंतर अमेरिकी न्यायालयांची रायलंड्सच्या नियमाकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली, हे कायद्याच्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. ज्यांच्यामुळे ती बदलली त्यांना तिचा उपयोग झाला नाही.

याच नियमाची भारतातली कथा अगदी वेगळी आहे आणि मराठी वाचकाने ती येथेच ताडून पाहण्यासारखी आहे. मद्रास इलाख्यातील कार्वेटिनगरच्या जमीनदारीतले तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले तेव्हा मद्रास रेल्वे कंपनीने रायलंड्सचा आधार घेऊन जमीनदारावर दावा लावला. प्रिव्ही कौन्सिलने १८७४ मध्ये तो फेटाळला. हे तलाव जमीनदाराने स्वतःच्या हौसेसाठी बांधलेले नसून फार प्राचीन आहेत, प्रदेशाची शेती त्यांवर जगते, ते मोडून टाकण्याचा जमीनदाराला अधिकारच नाही, उलट ते राखणे हे त्याचे कर्तव्य आहे. म्हणून निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय तो जबाबदार ठरत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. एकाच प्रकारचे मातीचे बांध, पण एकाच्या मागे हौस आणि दुसऱ्याच्या मागे बंधन, हा फरक न्यायाधीशांनी तेथे नेमका ओळखला; साउथ फोर्कची गाठ त्यांच्यापुढे पडली असती तर जमीनदाराला मिळालेली सूट क्लबला मिळणे कठीण होते. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांची स्थितीही कार्वेटिनगरशी जुळणारी होती. भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेल्या या तलावांची पाळ आणि तुडुम राखण्यात मालगुजाराचा मान आणि गावाचे पोट दोन्ही गुंतलेले असत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि पाळीवर माती टाकण्याचे काम गावाच्या वहिवाटीतून निघून अंदाजपत्रकाच्या वाटेला लागले. साउथ फोर्कचा प्रवास सरकारकडून खासगीकडे झाला, भंडाऱ्याचा खासगीकडून सरकारकडे. हस्तांतरात राखणदारी हरवते ती दोन्ही दिशांना.

जॉन्सटाउनची तांत्रिक चौकशी अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सने केली. नामवंत जलअभियंते जेम्स फ्रान्सिस समितीचे प्रमुख होते. अहवाल जानेवारी १८९० मध्ये तयार होऊनही तो १८९१ पर्यंत प्रकाशात आला नाही, आणि त्याचा निष्कर्ष असा होता की क्लबने केलेले बदल नसते तरी इतक्या पावसात मूळ धरणावरूनही पाणी गेलेच असते. शंभरहून अधिक वर्षे हा निष्कर्ष मालकांच्या निर्दोषत्वाचा दाखला म्हणून चालला. २०१६ मध्ये तीन अमेरिकी संशोधकांनी तलावाच्या जागेचे नव्याने मोजमाप करून पुराची गणिते पुन्हा मांडली, तेव्हा माथा सुमारे मीटरभर खाली आणल्यामुळे धरणाची पाणी सुरक्षित सोडण्याची क्षमता जवळजवळ निम्मी झाली होती आणि मूळ रचनेत ते तगण्याची शक्यता होती, असे दिसून आले. दोन घोडागाड्या शेजारून जाण्याची किंमत एवढी निघाली.

कायदा मात्र फार सावकाश आला, आणि दर वेळी एखाद्या नव्या फुटीच्या मागून आला. पेनसिल्व्हेनियाने धरणांवर परवाना आणि तपासणी आणली ती १९१३ मध्ये, आणि तीही जॉन्सटाउनमुळे नव्हे तर ऑस्टिन येथील कागदगिरणीचे काँक्रीटचे धरण १९११ मध्ये फुटून ७८ माणसे गेल्यावर. देशभरातील धरणांची नोंद व तपासणी करण्याचा केंद्रीय कायदा १९७२ मध्ये झाला, पण पैशांअभावी तपासणी रखडली. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे जॉर्जियातील टोकोआ येथे केली बार्न्स धरण फुटले आणि खालच्या बायबल कॉलेजच्या आवारातील ३९ जण बुडाले. हे धरण साउथ फोर्कचे धाकटे भावंड शोभावे असे होते: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओंडके आणि दगड रचून केलेला बांध, त्यावर कॉलेजने छोट्या वीजघरासाठी चढवलेला मातीचा भराव, दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी वाढवलेली उंची, १९५७ मध्ये वीजनिर्मिती बंद, आणि त्यानंतर वीस वर्षे निव्वळ मासेमारी व विहारासाठी राखलेले तळे. भरावावर पाइनची झाडे वाढली होती. येथे मालक आणि बुडालेले एकाच कुटुंबातले होते, त्यामुळे धोका दुसऱ्यावर ढकलण्याचा आरोप कोणी करू शकत नाही. जुन्या वस्तूच्या सवयीने येणारा आंधळेपणा त्याविनाही पुरेसा असतो. राष्ट्राध्यक्ष कार्टर स्वतः जॉर्जियाचे. त्यांनी सैन्याच्या अभियंता विभागाला बिगरकेंद्रीय धोक्याची धरणे तपासण्याचा आदेश दिला, आणि १९८१ पर्यंत पाहिलेल्या सुमारे ८,८०० धरणांपैकी एक-तृतीयांश असुरक्षित ठरली.

भारताच्या २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात मालक या शब्दात खासगी व्यक्ती व कंपन्याही येतात, आणि १५ मीटरहून उंच असलेले प्रत्येक धरण त्याच्या कक्षेत आहे; १० ते १५ मीटर उंचीची धरणे मात्र तेव्हाच येतात जेव्हा लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान दहा लाख घनमीटर यांसारखी एखादी जादा अट पुरी होते. २२ मीटरचे साउथ फोर्क या चाळणीत सहज अडकले असते. केली बार्न्सची उंची सुमारे १२ मीटर, लांबी सव्वाशे मीटरच्या आत आणि फुटले तेव्हाचा साठा आठ लाख घनमीटरहून कमी होता. या मोजमापांवर ते बाहेरच राहिले असते. अमेरिकेतही लहान धरणांना वगळणाऱ्या अशाच रेषा प्रत्येक राज्याने आपापल्या सोयीने ओढल्या आहेत, आणि अलाबामात तर धरण-नियमनाची यंत्रणाच उभी राहिली नव्हती. ऑक्टोबर २०१५ च्या अतिवृष्टीत दक्षिण कॅरोलायनात पन्नासच्या आसपास धरणे फुटली, त्यांत वसाहतींच्या मध्यभागी असलेली, घरमालकांच्या संघांच्या मालकीची तळी पुष्कळ होती. पिट्सबर्गच्या साठ धनिकांच्या जागी आता मासिक वर्गणी भरणारी दोनशे मध्यमवर्गीय कुटुंबे आली आहेत. पैशाचे बळ गेले आहे, पण वाटून पातळ झालेली मालकी तशीच आहे, आणि सांडवा दुरुस्तीचा खर्च सभेपुढे आला की विषय पुढच्या सभेवर जातो.

साउथ फोर्कच्या जागेची मालकीही पुढे फिरत राहिली. रिकाम्या तलावाच्या तळाखाली कोळसा निघाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे सेंट मायकेल नावाचे खाणकामगारांचे गाव वसले. क्लबगृह आणि उरलेले काही बंगले आज त्या गावाच्या साध्या घरांमध्ये उभे आहेत. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने धरणाच्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आणि भरावाची दोन टोके, मधल्या रुंद खिंडीसह, पुन्हा सरकारकडे आली. खिंडीतून ओढ्याशेजारून रेल्वेचा रूळ जातो. एका टोकाला खडकात कोरलेला जुना सांडवा शाबूत आहे. त्यावरचा पूल गेला, जाळी गेली, आणि स्मारक पाहायला येणारे लोक त्यातून कोरड्या पायांनी चालत धरणाच्या पायथ्याशी उतरतात.